डी अँड डी मध्ये सेल्की, केल्पी, सी हॅग असे रूप बदलणारे समुद्री मॉन्स्टर कसे चालवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत मिळून गोष्ट रंगवायचा खेळ, त्याच्या फिफ्थ एडिशनची कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी सलग गोष्ट) चालू आहे, चार खेळाडू, तिसरी लेव्हल, गोष्ट आता उत्तरेकडच्या एका थंड मासेमारी गावात येऊन पोचलीये आणि डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) तिथे माणसाचं रूप घेणारा समुद्री प्राणी आणायचाय. भीती दोन्ही बाजूंनी आहे. एकतर खेळाडू पहिल्याच इनसाइट रोलला (समोरच्याचा हेतू ओळखायचा फासा) ओळखतील आणि महिनाभराची तयारी पाण्यात, नाहीतर कोणाला काहीच कळणार नाही आणि शेवटी "ती म्हातारीच राक्षसीण होती" असं सांगितल्यावर सगळे नुसते "अच्छा" म्हणून फासे गोळा करतील.

मी बरीच वर्षं डीएमच्या खुर्चीत बसतोय आणि समुद्राकाठच्या गोष्टी हा माझा खास जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे उत्तर लांबणार. नियम सगळे २०१४ च्या पुस्तकांप्रमाणे देतोय कारण प्रश्नातली कॅम्पेन त्याच पुस्तकांवर चालू आहे.

पहिली गोष्ट. असा मॉन्स्टर बनवायला घेतला की बहुतेक डीएम विचार करतात हा काय काय बनू शकतो, मुलगी, घोडा, सील, म्हातारा कोळी, आणि यादी वाढवत नेतात. पण जो काहीही होऊ शकतो त्याच्यासमोर खेळाडू करणार तरी काय, संशय घ्यायला काही जागाच नाही, मग एकतर ते सगळ्यांवर संशय घेतात किंवा कोणावरच घेत नाहीत आणि तुम्ही सांगाल तेव्हा ऐकून घेतात. म्हणून उलटीकडून सुरुवात करा. रूप बदललं तरी या प्राण्याचं काय बदलत नाही ते आधी ठरवा. एकच गोष्ट ठरवा आणि ती कागदावर सगळ्यात वर लिहा. सुगावा, तपास, हत्यार, सौदा, सगळं त्या एकाच गोष्टीतून निघालं पाहिजे.

हे माझ्या मनचं नाही, जिथून हे प्राणी आले त्या लोककथाच अशा बांधलेल्या आहेत. स्कॉटलंडच्या वर ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटं आहेत, त्याच्याही पुढे फेरो बेटं, आणि इकडे आयर्लंडचा पश्चिम किनारा, या पट्ट्यातले बहुतेक सगळे रूप बदलणारे समुद्री प्राणी कशाने ना कशाने बांधलेले आहेत. सेल्कीचं (माणूस होणाऱ्या सीलचं) कातडं, केल्पीचा (माणसं बुडवणाऱ्या पाण्यातल्या घोड्याचा) लगाम आणि तिच्या केसांतलं शेवाळ, ऑर्कनीच्या फिनमनची चांदीची हाव. फिनमन हा तर कोळ्याच्या वेशात होडी वल्हवत येतो, वल्ह्याच्या सात फटक्यांत ऑर्कनीहून नॉर्वे गाठतो असं सांगतात, माणसं पळवून नेतो, पण मागे लागला तर चांदीचं नाणं पाण्यात फेकायचं, तो नाण्यामागे जातो आणि तुमची होडी सुटते. आता बघा, हा आयता एन्काउंटर झाला की नाही. पार्टीकडे (खेळाडूंच्या टोळीकडे) सोनं पोत्याने असतं पण चांदी कोण बाळगतं? त्या एका रात्रीसाठी सिल्व्हर पीसला पहिल्यांदा किंमत येते.

सेल्कीकडे जरा सविस्तर जाऊ कारण लोक तिचाच सगळ्यात जास्त विचका करतात. फेरो बेटांतल्या काल्सॉय बेटावर मिक्लादालुर नावाचं गाव आहे, तिथे किनाऱ्यावर सील-बाईचा पुतळा आहे, २०१४ साली बसवलेला. गावची कथा अशी की वर्षातून एका रात्री सील किनाऱ्यावर येतात, कातडी काढून ठेवतात आणि माणसांसारखे नाचतात. एका तरुण शेतकऱ्याने त्यातल्या एकीचं कातडं लपवलं, पहाट झाली, बाकीचे पाण्यात गेले, ती राहिली. त्याने कातडं पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कायम कमरेला. लग्न झालं, मुलं झाली. एक दिवस तो मासेमारीला गेला आणि भर समुद्रात हात कमरेला गेला तर किल्ली घरीच राहिलेली. परत येईपर्यंत ती गेली होती, पण जाताना चूल विझवून आणि सुऱ्या-विळ्या आवरून गेली, पोरांना काही होऊ नये म्हणून. गोष्ट इथे संपत नाही. पुढे गावकऱ्यांनी सीलची शिकार काढली आणि तिचा समुद्रातला नवरा आणि दोन पिल्लं मारली, तेव्हा ती भयंकर रूपात वर आली आणि शाप दिला की या गावचे पुरुष बुडून मरतील, कड्यावरून पडून मरतील, इतके की मेलेल्यांनी हात धरले तर अख्ख्या काल्सॉयला वेढा पडेल.

आता यात मॉन्स्टर कोण? मला विचाराल तर पहिल्या अर्ध्यात तो नवरा आणि दुसऱ्या अर्ध्यात अख्खं गाव. तुम्ही सेल्कीला स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) देऊन, एसी (हल्ला लागायला गाठायचा आकडा) अमुक एचपी (अंगात किती जीव) तमुक, पाण्यातून वर काढलीत आणि इनिशिएटिव्ह (लढाईत कोणाची पाळी आधी त्याचा फासा) टाकायला सांगितलंत तर या गोष्टीतला सगळा जीव गेला. पण पार्टी गावात येते तेव्हा तो शाप चालू असेल, दर आठवड्याला एक होडी रिकामी परत येत असेल, आणि गावचा पाटीलच, म्हणजे तोच नवरा, पार्टीला पैसे देऊन "त्या सीलला मारा" म्हणत असेल, तर मग बघा. पेटी अजून त्याच्या घरात आहे. पेटी रिकामी आहे. किल्ली अजून त्याच्या कमरेला आहे, सवयीने. खेळाडूला ती किल्ली तीनदा दिसू द्या, तो बोलताना त्याचा अंगठा तिच्यावरून फिरतोय एवढंच सांगा, दर वेळी एका वाक्यात, आणि पुढे जा. चौथ्या वेळी कोणीतरी विचारतंच, "काका, ही किल्ली कशाची?" तिथून पुढे तुम्हाला काही करावं लागत नाही.

यात एक गोष्ट मी फार मनापासून सांगतो. सेल्कीची कथा ही जबरदस्तीच्या लग्नाची कथा आहे, कितीही सुंदर पुतळा असला तरी. सेशन झिरोला (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत) टेबलावर विचारून घ्या की हा विषय चालेल का, आणि कोणी नको म्हणालं तर कारण न विचारता बाजूला ठेवा. आणि एखाद्या खेळाडूचं कॅरेक्टरच सेल्की असेल तर तिचं कातडं चोरीला जाण्याचा प्रसंग तिच्याशी आधी न बोलता अजिबात आणू नका. टेबलावर धक्का देण्यासारख्या गोष्टी खूप आहेत, ही त्यातली नाही.

डी अँड डी मध्ये सेल्की १९८३ च्या मॉन्स्टर मॅन्युअल टू मध्ये आली, केल्पी त्याच्या आधी १९८१ च्या फिएंड फोलिओमध्ये. तिथली केल्पी म्हणजे चक्क विचार करणारं समुद्री शेवाळ, जे हव्या त्या आकारात स्वतःला वळवतं आणि पुरुषांना मोहात पाडून बुडवतं, बायकांवर तिचा मोह चालतच नाही. शेवाळाची कल्पना मला भारी वाटते, पण फक्त पुरुषांवर चालणारा मोह मी टेबलावर कधी ठेवत नाही, अर्ध्या पार्टीला नुसतं बघत बसावं लागतं आणि लोककथेतली खरी केल्पी तशी नाहीच. ती पोरांना खाते.

स्कॉटिश कथांमध्ये नदीनाल्यांतली ती केल्पी, आणि समुद्रात आणि समुद्राला लागलेल्या खाड्यांत राहणारा तो एच-उशगे, दोघांत हा दुसरा जास्त भयानक. देखणा घोडा काठावर चरत असतो, पोरं एकेक करून पाठीवर बसतात, पाठ लांबत जाते, आणि कातडी चिकट होते, बसला तो चिकटला. मग घोडा पाण्यात घुसतो. नंतर पाण्यावर तरंगत येतं ते फक्त यकृत. एका कथेत एका मुलाने नुसतं बोट लावलेलं असतं, ते चिकटतं, आणि तो खिशातला चाकू काढून स्वतःचं बोट कापतो आणि वाचतो.

हे बोट टेबलावर आणा. मी केल्पी बनवतो ती अशी, घोड्याचा वेग घ्या, जमिनीवर ६० फूट, पाण्यातही ६०, आणि बाकी शरीर मिमिकचं (वस्तूचं सोंग घेणाऱ्या चिकट मॉन्स्टरचं) घ्या, एसी १२, एचपी ५८, आणि मिमिकचा चिकटपणा जसाच्या तसा. त्या नियमात चिकटलेला प्राणी ग्रॅपल्ड होतो (पकडला जातो), सुटायला डीसी (फाशावर गाठायचा आकडा) १३ आणि तो चेकही दोन फाशांतला कमी आकडा धरून, म्हणजे डिसअ‍ॅडव्हांटेजने. मिमिकचा चिकटपणा फक्त खोट्या रूपात चालतो, खऱ्या रूपात नाही, हे विसरू नका, पुढे कामाला येणार आहे. घोडा पाण्यापासून साधारण १५० फुटांवर ठेवा. पहिल्या टर्नला (पाळीला) डॅश करून (दुप्पट पळून) तो १२० फूट जातो, ३० उरतात, म्हणजे पार्टीला बरोबर एक राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) मिळतो. त्या एका राउंडात टेबलावर जो गोंधळ होतो तो बघण्यासारखा असतो. पाठीवर बसलेला खेळाडू सुटायचा रोल करतो, फेल जातो, आणि तेव्हा तुम्ही शांतपणे सांगायचं की तुझ्या कमरेला चाकू आहे, कातडी फक्त उजव्या हाताच्या दोन बोटांना पक्की धरून आहे, बाकी तू सुटल्यात जमा आहेस. निर्णय त्याच्यावर सोडा. माझ्या टेबलावर एका रोग (चोर) कॅरेक्टरच्या खेळाडूने अजिबात वेळ न घालवता "कापतो" म्हटलं आणि मग विचारलं की आता थीव्ह्ज टूल्सचं (कुलपं उघडायच्या हत्यारांचं) काय. मी सांगितलं की रीजनरेट (अवयव परत उगवणारा स्पेल, म्हणजे मंत्र) मिळेपर्यंत बारीक कामाला डिसअ‍ॅडव्हांटेज. ती दोन बोटं त्या कॅम्पेनमध्ये शेवटपर्यंत बोलली गेली, आणि रीजनरेट मिळायची सोय झाली तेव्हा त्याने स्वतःच नको म्हटलं.

इथे नियमातली एक खाच सांगून ठेवतो. ग्रॅपल करून ओढताना वेग निम्मा होतो, समोरचा दोन साइझ लहान असेल तरच होत नाही. लार्ज घोडा आणि मीडियम माणूस यात एकाच साइझचा फरक, म्हणजे नुसता हात चिकटून फरपटत जाणारा माणूस असेल तर घोडा ३० फूट. पण पाठीवर बसलेला माणूस म्हणजे स्वार, त्याने घोड्याचा वेग कमी होत नाही. म्हणून केल्पीला तुम्ही पाठीवर बसायला हवे असता, आणि ती त्यासाठी लाडीगोडी लावणार, मान खाली घालणार, गुडघे टेकणार.

आणि बुडून मरण्याची भीती? फिफ्थ एडिशनमध्ये ती जवळपास नाहीच. श्वास रोखता येतो तो १ अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर (कॅरेक्टरच्या दमाचा आकडा) इतकी मिनिटं, म्हणजे प्लस टू असेल तर तीन मिनिटं, म्हणजे तीस राउंड. तीस राउंडची लढाई कोणी बघितलीये का. खरी भीती अंतराची आहे. केल्पी पाण्यात डॅश करून राउंडला १२० फूट जाते, मागे पोहणाऱ्या मित्राचा वेग पोहताना निम्मा, डॅश करूनही ३० फूट. तीन राउंडांत ती ३६० फूट गेलेली आणि तो ९० वर. खाली उजेड संपलेला. हे आकडे मोठ्याने मोजा, राउंडमागून राउंड, खेळाडू स्वतःच बेरीज करतात आणि चेहरे उतरतात. माझ्याकडे एक हाउस रूलही आहे की पाण्याखाली तोंडाने मंत्र म्हणायचा असेल तर उरलेला श्वास निम्मा होतो, तो लावला की विझर्डलाही घाम फुटतो.

केल्पीचं न बदलणारं काय ठेवायचं? केस. आयाळ कायम ओली, ऊन कितीही असो, आणि माणसाच्या रूपात आली तरी केसात शेवाळ आणि वाळू. स्कॉटलंडमध्ये अशा बऱ्याच कथा आहेत, मुलगी काठावर एका देखण्या तरुणाचं डोकं मांडीवर घेऊन केस विंचरत बसलेली असते आणि फणीत वाळू येते. ती हळूच उठून जाते. त्याला जागं करत नाही. हा एवढा सीन एखाद्या गावकरी आजीच्या तोंडी टाकला, "माझी बहीण अशी वाचली होती," तर खेळाडूंना पुढच्या भागात प्रत्येकाच्या केसांकडे बघायची सवय लागते.

लगामाचं पण सांगतो. केल्पीला लगाम घातला की ती गुलामासारखी राबते. मॉर्फीच्या जमीनदाराची कथा प्रसिद्ध आहे, त्याने केल्पीला जुंपून वाड्यासाठी दगड ओढून घेतले आणि सोडल्यावर तिने त्याच्या घराण्याला शाप दिला. आपल्या कोकणात गिऱ्हा म्हणून पाण्यातलं भूत सांगतात, बुडून मेलेल्याचं, रात्रीच्या वेळी चकवून पाण्यात नेणारं, आणि त्याचा केस ज्याच्या हाती लागला त्याच्याकडे तो गड्यासारखा राबतो अशी समजूत आहे. दोन्हीकडे गोम तीच आहे, वस्तू हातात असेपर्यंत तो तुमचा. तुमची कॅम्पेन कोकणासारख्या किनाऱ्यावर असती तर मी सेल्कीच्या फंदात पडू नका म्हटलं असतं, आपल्या किनाऱ्याला सील नाहीतच, खेळाडूला त्या प्राण्याची काही ओळखच नसते, तिथे गिऱ्हाच हवा. पण प्रश्नातलं गाव उत्तरेचं आहे, तर सील राहू द्या.

आता सी हॅग. तिसऱ्या लेव्हलच्या पार्टीला पुस्तकातून तयार उचलायचं असेल तर ही राक्षसीण म्हातारीच, सीआर (मॉन्स्टर किती अवघड त्याचा आकडा) २, एसी १४, एचपी ५२. आणि इथे बरेच डीएम एक ओळ वाचायची सोडून देतात. तिचं इल्युजरी अपिअरन्स तिला सुंदर मुलगी बनवत नाही. नियमात स्पष्ट लिहिलंय की ती आपल्या साधारण आकाराच्या, माणसासारख्या, कुरूप प्राण्यासारखी दिसू शकते. कुरूपच. म्हणजे हॅगला देखणं होताच येत नाही, आणि हेच तिचं न बदलणारं. मला ही कल्पना इतकी आवडते की मी त्याच्यावर अख्खं गाव उभं करतो. बंदरावर जाळी दुरुस्त करणारी एक म्हातारी, चेहऱ्यावर देवीचे व्रण, सगळे तिला टाळतात, आणि दयाळू खेळाडू नेमका तिच्याशीच चांगलं वागायला जातो.

दुसरी खूण स्पर्श. हे रूप म्हणजे डोळ्यांचा भ्रम, हात लावला तर खाली खरखरीत कातडी लागते. ज्याला संशय आला त्याला बघून ओळखायचं तर अ‍ॅक्शन वापरून इंटेलिजन्स इन्व्हेस्टिगेशन डीसी १६, तिसऱ्या लेव्हलला अवघडच. पण हात लावायला डीसी नाही! म्हणून म्हातारी कधी हातात पैसे घेत नाही, "ठेव बाळा तिथे, टोपलीवर" म्हणते. कोणी हात धरायला गेलं की तिला खोकला येतो. पावसातून सगळे एकमेकांचा हात धरून धक्क्यावरून चालले तर ती शेवटी, एकटी. हे सगळं पहिल्या सेशनला दाखवून टाका, लपवू नका, फक्त बोट दाखवू नका.

आणि आता या मॉन्स्टरचा सगळ्यात सुंदर भाग, जो नियमातच लपलाय. तिचं खरं रूप ३० फुटांच्या आत जो बघेल त्याला विस्डम डीसी ११ चा सेव्ह (बचावाचा फासा), फेल गेला तर एक मिनिट फ्रायटन्ड. आणि जो घाबरला त्याच्यावर ती डेथ ग्लेअर टाकू शकते, पुन्हा डीसी ११, फेल गेला तर सरळ शून्य एचपी. चाळीस एचपीचा बार्बेरियन असो की अठराचा विझर्ड, शून्य. सीआर २ बघून हलक्यात घेतलं तर एका संध्याकाळीत दोन जण आडवे. पण त्याच नियमात पुढे लिहिलंय की खरं रूप अचानक उघड झालं नसेल आणि तुम्ही सरप्राइज्ड नसाल तर नजर फिरवता येते, मग सेव्हच लागत नाही, फक्त पुढच्या टर्नपर्यंत तिच्यावर हल्ला करायला डिसअ‍ॅडव्हांटेज. म्हणजे ज्याने टोपलीवरचे पैसे, तो खोकला, सुटा हात हे सगळं जोडलं आणि आधीच संशय घेतला, त्याला त्याचं फळ थेट नियमातून मिळतं. तुम्ही खुणा पेरल्या नाहीत तर उघड होणं हा फक्त अन्यायी हल्ला होतो, पेरल्या तर तीच परीक्षा होते.

इनसाइटबद्दल, कारण प्रश्नात घोडं तिथेच अडलंय. इनसाइट समोरच्याचा हेतू सांगतो, शरीर नाही. खेळाडूने म्हातारीवर इनसाइट टाकला आणि वीस आला तर "ही राक्षसीण आहे" असं सांगायचं नसतं, "ती तुझ्याशी बोलतेय पण तिचं लक्ष तुझ्या गळ्यातल्या माळेवर आहे आणि तिला तू जायला नको आहेस" असं सांगायचं. खरं सांगितलंत, भरपूर सांगितलंत, आणि रहस्य शाबूत.

स्पेल्सचं गणित आधी करून ठेवा. पॅलाडिनचा डिव्हाइन सेन्स ६० फुटांत सेलेस्टिअल, फिएंड आणि अनडेड दाखवतो, फे (परीलोकातले प्राणी) नाही, आणि सी हॅग फे आहे, म्हणजे पॅलाडिन तिच्या शेजारी बसून जेवला तरी त्याला काही कळणार नाही. पण डिटेक्ट ईव्हिल अँड गुड, पहिल्या लेव्हलचा स्पेल, तो ३० फुटांत फे पकडतो. क्लेरिकने तो तयार ठेवला असेल तर तुमचं रहस्य पहिल्या संध्याकाळी उघडं. याला घाबरू नका, आणि कृपा करून "तुला काही जाणवत नाही" असं खोटं सांगू नका, त्याने स्पेलचा एक स्लॉट (दिवसाला मोजकेच मिळतात) खर्च केलाय. त्यापेक्षा गावात फे दोन ठेवा. एक हॅग आणि एक बिचारी सेल्की. स्पेल खरं बोलला, कोडं अजून बाकी आहे, आणि कोणाला मारायचं यावर पार्टीत भांडण. त्यासाठी दोघी एकाच गर्दीत असतील अशी वेळ साधा, मासळी बाजार उत्तम.

मूनबीम दुसऱ्या लेव्हलचा, तुमच्या ड्रुइडकडे तिसऱ्या लेव्हलला असणारच. शेपचेंजर (रूप बदलणारा) अशी खूण असलेल्या प्राण्याला त्यात सेव्ह डिसअ‍ॅडव्हांटेजने आणि फेल गेला की मूळ रूप. सी हॅगवर शेपचेंजरची खूण नाही, तिचा भ्रम आहे, तर तिला नुसती इजा होईल. पण वर बनवलेल्या केल्पीवर ती खूण लावा, आणि चिकटपणा फक्त घोड्याच्या रूपात चालतो हे आठवा, म्हणजे ड्रुइडने त्या एकमेव राउंडात चंद्रकिरण घोड्यावर पाडला आणि सेव्ह फेल गेला तर पाठ शेवाळाची होऊन सगळे सुटतात. स्वारालाही चटका बसणार, स्पेल मित्र-शत्रू बघत नाही, तो निर्णय ड्रुइडचा. आणि स्पीक विथ अ‍ॅनिमल्स विसरू नका, पहिल्या लेव्हलचा स्पेल आहे आणि खडकावर सील बसलेत. सीलला काय काय माहीत असेल याची दोन ओळींची टीप आधी लिहून ठेवा. सीलला नावं कळत नाहीत, पण कोणाच्या अंगाला कसला वास येतो ते पक्कं कळतं.

वासावरून प्रोटिअस आठवला, कारण लढाई न करता रूप बदलणाऱ्याला हरवायचा सगळ्यात जुना सीन तिथे आहे. ओडिसीच्या चौथ्या सर्गात मेनेलाउस इजिप्तजवळच्या फारोस बेटावर अडकलेला असतो, आणि समुद्राचा म्हातारा प्रोटिअस, ज्याला सगळं माहीत आहे, रोज दुपारी आपल्या सीलच्या कळपात येऊन झोपतो. त्याचीच मुलगी मेनेलाउसला युक्ती सांगते. तो आणि तीन साथीदार ताज्या सोललेल्या सीलच्या कातड्यांखाली दबा धरून पडतात, आणि त्या कातड्यांचा वास इतका असह्य की ती त्यांच्या नाकाखाली अमृत लावते. म्हातारा येतो, सील मोजतो, या चौघांनाही सीलच समजून मोजतो आणि झोपतो. मग हे झडप घालतात. तो सिंह होतो, साप होतो, चित्ता, रानडुक्कर, मग वाहतं पाणी, मग झाड. सोडायचं नाही एवढंच काम. थकला की मूळ रूपात येतो आणि प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

टेबलावर हा सीन एचपीशिवाय चालवा. सहा रूपं, सहा राउंड, दर राउंडला वेगळी मागणी. सिंहाला अ‍ॅथलेटिक्स, सापाला विषाचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, पाण्याला कसं धरणार हे खेळाडूने सुचवायचं, कोणी पखाल काढतं, कोणी शेप वॉटर टाकतं, झाडाला फक्त धीर, कारण झाड काहीच करत नाही आणि हात आपोआप सैल पडतात, तिथे विस्डम सेव्ह घ्या. तीनदा फेल गेले तर सुटला. जिंकले तर एक प्रश्न, आणि उत्तर खरं द्या, पूर्ण द्या. यात लपवाछपवीही नाही, तो कोण आहे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत आहे, तरी सीन रंगतो.

खऱ्या समुद्रातून एक उसनं घ्या. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला कटलफिशची एक जात आहे, आपल्या माकुळाच्या नात्यातली, तिच्यातला नर मादीकडच्या बाजूला नराचे पट्टे दाखवतो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या प्रतिस्पर्ध्याला मादीचा रंग दाखवतो. एकाच वेळी दोघांना दोन रूपं. आता टेबलावर एकाच एनपीसीचं (डीएम चालवतो त्या पात्राचं) वर्णन दोन खेळाडूंना वेगवेगळ्या चिठ्ठीवर द्या. एकाला लंगडणारा खलाशी, दुसरीला तिची हरवलेली मावशी. दोघं एकमेकांशी बोलेपर्यंत काहीच कळत नाही, आणि बोलले की चेहरे बघा. हे एकदाच वापरा, दुसऱ्यांदा चालत नाही.

तसंच, एका कॅम्पेनमध्ये रूप बदलणारा एकच धागा ठेवा. ओळखीचा एनपीसी अचानक राक्षस निघाला असं दोनदा झालं की पार्टी प्रत्येक भटारखान्यातल्या पोऱ्याला सुद्धा चिमटा काढून बघते आणि मग कोणावर जीव लावतच नाही, ते नुकसान महिनोन्महिने भरून येत नाही. म्हणून अफवा पहिल्या दिवशीच गावभर करा, "इथे कोणीतरी माणूस नाहीये". हे खेळाडूंना माहीत असूनही मजा जात नाही, उलट तेव्हाच सुरू होते.

तर तुमच्या गावासाठी माझी मांडणी अशी: पाटील आणि त्याची किल्ली, समुद्रात शाप देणारी सेल्की, आणि बंदरावर जाळी विणणारी म्हातारी, जिने त्या शापाचा फायदा घेऊन बुडालेल्यांच्या घरून एकेक वस्तू मागून घ्यायला सुरुवात केलीये. लढाई म्हातारीशी, तीही धक्क्यावर, पाण्यात नको, पाण्यात लांब तलवार आणि कुऱ्हाडीला डिसअ‍ॅडव्हांटेज लागतो आणि तुमचा फायटर संध्याकाळभर चिडून बसेल, आधीच्या भागात एखादा भाला नाहीतर ट्रायडंट सापडू दिलात तर गोष्ट वेगळी. आणि हॅग एकच. तिघी एकत्र आल्या की कोव्हन होतं, प्रत्येकीचा सीआर ४ आणि वर लाइटनिंग बोल्ट, काउंटरस्पेल, पॉलिमॉर्फसकट सामाईक स्पेल्स, तिसऱ्या लेव्हलचे चार जण त्यात दोन राउंड टिकणार नाहीत. तिच्या झोपडीत तीन वाट्या मांडलेल्या दिसू द्या, दोन कोरड्या. सहाव्या-सातव्या लेव्हलला त्या दोघी कोणाला तरी आठवतील.